‘ऑटो’वर ठेवा : मराठी मॅन्युअलसाठी मार्कअप निवडताना

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात मी काम करते तिथे पाण्याच्या पंपांची कंट्रोल पॅनल बनतात. बराचसा माल घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या पंपरूममध्ये जातो, बाकीचा नाशिक-जुन्नरकडच्या विहिरींवर. प्रत्येक पॅनलसोबत मराठी मॅन्युअल जातं आणि ते लिहिणं, सांभाळणं हे माझं काम. गेल्या वर्षी ही सगळी मॅन्युअलं आम्ही वर्ड आणि पेजमेकरमधून बाहेर काढून साध्या मजकुराच्या फायलींमध्ये आणली. त्याआधी मार्कडाउन, रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि आस्कीडॉक या तीन मार्कअप भाषा, म्हणजे शीर्षक, यादी, ठळक शब्द हे मजकुरातच साध्या खुणांनी दाखवायच्या पद्धती, एकाच प्रकरणावर वापरून पाहिल्या. या भाषांची तुलना करणारं इंग्रजी लिखाण भरपूर मिळतं. त्यांच्यात मराठी मजकूर घातला की काय होतं, हे मात्र मला कुठे एकत्र वाचायला मिळालं नाही. म्हणून जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते आहे.

आधी हे सांगायला हवं की वर्ड सोडायचं कारण काय. आमच्याकडे पॅनलची बरीच मॉडेलं आहेत आणि प्रत्येकाचं मॅन्युअल म्हणजे आधीच्या मॅन्युअलची कॉपी, थोडे बदल करून. सुरक्षिततेचं प्रकरण सगळ्यांत तेच. अर्थिंगबद्दलची एक ओळ बदलली की ती प्रत्येक फायलीत जाऊन बदलायची. नौपाड्यातले आमचे डीटीपीवाले काका हे काम इमानेइतबारे करायचे, पण त्यांच्याकडचा जुना मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमधला. तो कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण त्या फाइलमध्ये मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फाँट गेला की मजकूरही गेला. सर्व्हिसला येणारे फोन या मॅन्युअलच्या भरवशावर हाताळले जातात, आणि तो मजकूर एका फाँटच्या आयुष्यावर टांगलेला असणं मला बरं वाटत नव्हतं.

साध्या मजकुराची फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवता येते, कोणी कुठली ओळ कधी बदलली ते दिसतं. हे सगळे सांगतात. मराठीसाठी मला त्याहून मोठी वाटलेली गोष्ट म्हणजे मजकुराची साफसफाई. ‘ॲम्पियर’ हा शब्द आमच्या मॅन्युअलमध्ये पानोपानी येतो. त्यातला ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं स्वतंत्र अक्षर, दुसरा म्हणजे ‘अ’ला वरून चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘दुसऱ्या टाकीचा फ्लोट’ यातल्या ‘ऱ्य’चीही तीच गत. कोणी ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितं, कोणी साधा ‘र’ घेऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतं. युनिकोडचं ठरीव सामान्यीकरण, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं अक्षर एका रूपात आणायची रीत, हे दोन प्रकार एक करत नाही. शोधायला जावं तर निम्मी ठिकाणं सापडतात. मजकूर साध्या फायलींत असला की एका कमांडमध्ये सगळीकडे एकच रूप करता येतं आणि पुढे कोणी दुसरं रूप घातलं तर तपासणीत अडवताही येतं. वर्डच्या डझनभर फायलींत हे करायला माणूस बसवावा लागतो.

कसोटीसाठी मी ‘पंप सुरू करण्यापूर्वी’ हे प्रकरण घेतलं, कारण त्यात सगळं होतं: क्रमवार पायऱ्या, धोक्याच्या सूचना, पॅनलवरच्या बटणांची नावं, फॉल्टचा तक्ता आणि दुसऱ्या प्रकरणाचा संदर्भ.

सुरुवात मार्कडाउनपासून केली, कारण ते शिकवावं लागत नाही. जॉन ग्रूबर यांनी २००४ साली ते आणलं तेव्हा डोळ्यांसमोर ईमेलमध्ये माणसं आपोआप वापरतात त्या खुणा होत्या: यादीला आडवी रेघ, जोर द्यायला तारका. कच्ची फाइलही वाचायला त्रास होऊ नये हा त्यामागचा आग्रह आणि तो त्यांनी खरंच पाळला. आमच्या कारखान्यातल्या ट्रेनी मुलाला मी एक पान मार्कडाउनमध्ये दिलं आणि काही न सांगता त्याने त्यात दोन परिच्छेद योग्य खुणांसकट घातले. हे बळ कमी लेखू नये. ज्या भाषेत लिहायला माणसं तयार होत नाहीत, तिच्या बाकीच्या गुणांचा काही उपयोग नसतो.

मग पायऱ्या आल्या.

`१. मेन स्विच बंद करा.`
`२. तिन्ही फेज टेस्टरने तपासा.`
`३. मगच झाकण उघडा.`

या तीन ओळी मार्कडाउनमध्ये यादी होत नाहीत. त्यांचा एक सलग परिच्छेद होतो, तिन्ही वाक्यं एकापुढे एक. कारण साधं आहे. क्रमांकाची यादी ओळखायला मार्कडाउन फक्त इंग्रजी अंक पाहतं. ‘१’ त्याच्या लेखी एक अक्षर. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टचंही तेच. फोनवर मराठी कीबोर्डने लिहिणाऱ्या माणसाच्या बोटाखाली देवनागरी अंकही येतात, आणि ४१५ व्होल्टच्या पॅनलच्या बाबतीत ‘मगच झाकण उघडा’ ही ओळ परिच्छेदात हरवणं परवडणारं नाही. तोड आहे: मूळ फाइलमध्ये इंग्रजी अंक लिहायचे आणि दाखवताना सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, यादीची शैली ‘देवनागरी’ ठेवायची. ती शैली ब्राउझरमध्ये तयारच असते. पण हे प्रत्येक लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं, आणि विसरलं तर कुठलीही चूक दाखवली जात नाही. गुपचूप चुकीचं छापलं जाणं हे मला सगळ्यांत घातक वाटतं.

आता प्रत्ययांबद्दल, कारण खरा कस इथे लागला. इंग्रजीत शब्द सुटा असतो. ठळक करायचा शब्द तारकांत घातला, पुढे मोकळी जागा, विषय संपला. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. पॅनलवरच्या बटणावर जे छापलंय तेवढंच ठळक हवं आणि पुढचं ‘वर’, ‘ला’, ‘मधून’ साधं. म्हणजे खूण शब्दाच्या मधोमध बंद होणार. मी हे लिहिलं:

`**ऑटो**वर ठेवा`

मार्कडाउनमध्ये हे बरोबर चालतं. तारकांऐवजी अधोरेषा वापरल्या तर चालत नाही, कारण शब्दाच्या आतली अधोरेषा मार्कडाउनची आजची बहुतेक साधनं खूण म्हणून मानत नाहीत; तेव्हा तारकाच वापरायच्या, इतकं पुरे. पण आमच्या मॅन्युअलमध्ये बटणाचं नाव अवतरणचिन्हांत ठळक करायची जुनी पद्धत:

`**‘ऑटो’**वर ठेवा`

हे कॉमनमार्क या मार्कडाउनच्या नेमक्या नियमावलीने चालणाऱ्या साधनात टाकलं की तारका तशाच्या तशा छापल्या जातात. नियम असा की बंद करणाऱ्या तारकांच्या आधी विरामचिन्ह असेल तर त्यांच्यानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्हच हवं. आपल्याकडे तिथे ‘व’ येतो. इंग्रजीत हा प्रसंग क्वचित येतो, मराठीत पानागणिक. कंसाचंही तसंच: ‘(क)’ ठळक करून पुढे ‘मधील’ जोडलं की तारका उघड्या पडतात. अवतरणचिन्हं तारकांच्या बाहेर घेतली की सगळं सुरळीत होतं, म्हणून आमच्या लेखन-नियमावलीत आता ते पहिल्या पानावर आहे.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये तर साधं `**ऑटो**वर`सुद्धा चालत नाही. बंद खुणेनंतर जागा किंवा विरामचिन्ह हवंच, नाहीतर सुरुवातीच्या खुणेला शेवट सापडला नाही असा इशारा येतो. मध्ये उलटी तिरकी रेघ आणि मोकळी जागा घालायची, `**ऑटो**\ वर`. ती जागा छापताना गळून पडते. आस्कीडॉकमध्ये एकेरी तारका शब्दाच्या कडेलाच चालते, शब्दाच्या आत दुहेरी लावायची. म्हणजे सुट्या शब्दाला `*ऑटो*`, प्रत्यय लागला की `**ऑटो**वर`. हा नियम मला तिन्हींत सगळ्यांत सांगायला सोपा वाटला: पुढे प्रत्यय आहे ना, मग तारका दोन.

यात एक पथ्य मात्र तिन्हीकडे पाळावं लागतं. ‘पंपाला’ यातला ‘पंप’ तेवढा ठळक करायला गेलं तर काना खुणेच्या पलीकडे एकटा पडतो आणि त्याच्याजवळ तुटक रेषांचं वर्तुळ उमटतं. सामान्यरूप झालेला शब्द अख्खाच ठळक करावा. या बाबतीत विकिपीडियाच्या मार्कअपचं मला कौतुक वाटतं. मराठी विकिपीडियावर दुहेरी चौकटी कंसात ‘मोटर’ लिहून बाहेर ‘ला’ जोडला तर तो प्रत्ययही दुव्यात सामावून घेतला जातो. कुणीतरी मराठीचा विचार करून ती सोय लावली आहे हे तिथे दिसतं.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्टकडून मला फार आशा होती. डेव्हिड गुडजर यांनी ते पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जगासाठी घडवलं, पुढे गेऑर्ग ब्रांडल यांनी २००८ मध्ये त्यातून पुस्तकं बनवणारं स्फिंक्स आणलं आणि पायथनची अधिकृत कागदपत्रं लाटेक या छपाईच्या भाषेतून त्यात गेली. लिनक्स कर्नलची कागदपत्रंही आता त्यातच आहेत. म्हणजे मोठ्या, गुंतागुंतीच्या पुस्तकांसाठी ते सिद्ध झालेलं. त्याची कडक शिस्त मला आवडते. चूक केली की ओळीच्या क्रमांकासकट ओरडतं. मार्कडाउन कधीच ओरडत नाही, ते कसंही लिहिलेलं गोड मानून घेतं, आणि म्हणूनच मघाची यादी गुपचूप हरवते.

पण त्याची शीर्षकं पाहा. शीर्षकाच्या खाली चिन्हांची ओळ द्यायची आणि ती शीर्षकाइतकी लांब हवी. ‘पाणीपुरवठा’ हा शब्द डोळ्याला सहा अक्षरांचा. खाली सहा-सात बरोबरची चिन्हं दिली की पडद्यावर ओळ पुरेशी लांब दिसते आणि तरी ‘अधोरेषा आखूड आहे’ असा इशारा येतो, कारण काना, वेलांटी, उकार हे सगळे त्याच्या हिशोबात वेगळे मोजले जातात. पाणीपुरवठ्याची लांबी दहा होते. उपाय म्हणून मी सगळीकडे चाळीस चिन्हांची रेघ ठेवून दिली. जास्त लांब चालते. तक्त्यांत ही पळवाटही नाही. रेघा आणि अधिक चिन्हांनी चौकटी काढायच्या, प्रत्येक उभी रेघ तंतोतंत एकाखाली एक यायला हवी. देवनागरीत प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं नसतं. पडद्यावर रेघा जुळवल्या की मोजणीत चुकतात, मोजणीत जुळवल्या की पडद्यावर वाकड्या. सीएसव्हीवरून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलवरून) तक्ता बनवायची सोय आहे आणि तीच वापरावी. चौकटीचा तक्ता मराठीसाठी नव्हेच.

त्याहून त्रासदायक गोष्ट दुव्यांची निघाली. शीर्षकापासून दुव्याचं नाव बनवताना तिथे इंग्रजी अक्षरं तेवढी ठेवली जातात. पूर्ण मराठी शीर्षकातून काहीच उरत नाही, मग ‘आयडी१’, ‘आयडी२’ अशी अनुक्रमांकाची नावं पडतात. आमच्या पॅनलच्या दारावर क्यूआर कोड असतो. वायरमनने स्कॅन केला की फोनवर थेट ‘ड्राय रन’चं (पंप कोरडा चालण्याचं) कलम उघडायला हवं. मध्ये एखादं नवं कलम घातलं की क्रमांक सरकतात आणि दारावर छापलेला कोड भलतीकडे नेतो. प्रत्येक शीर्षकाला हाताने रोमन नाव देणं हा त्यावरचा इलाज. खरं तर कुठल्याही भाषेत मराठी शीर्षकांना स्वतःची नावं द्यावीतच असं माझं आता ठाम मत आहे. साधनागणिक आपोआप नाव बनवायची रीत वेगळी असते आणि मराठी शीर्षकाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही.

आस्कीडॉक स्टुअर्ट रॅकहॅम यांनी २००२ मध्ये बनवलं ते डॉकबुकसाठी. डॉकबुक म्हणजे तांत्रिक पुस्तकांचं जुनं, भक्कम पण हाताने लिहायला जड स्वरूप. तेच सगळं थोड्या खुणांत लिहिता यावं ही आस्कीडॉकची कल्पना. २०१३ पासून आस्कीडॉक्टर हे त्याचं मुख्य साधन झालं. पुस्तकासाठी जन्मलेलं असल्याने पुस्तकाला लागणाऱ्या गोष्टी त्यात मुळातच आहेत, मागून जोडलेल्या नाहीत, आणि हे वापरताना पदोपदी जाणवतं.

पायऱ्यांच्या यादीला तिथे अंक लिहावाच लागत नाही. ओळीच्या सुरुवातीला टिंब दिलं की झालं. देवनागरी की रोमन हा प्रश्नच संपतो, छापताना सीएसएस ठरवतं. मध्ये पायरी घातली तर पुढचे अंक आपोआप सरकतात. धोक्याच्या सूचनांचे पाच प्रकार भाषेतच आहेत आणि त्यांचे मथळे फाइलच्या डोक्यावर एकेका ओळीत मराठी करता येतात: ‘धोका’, ‘सावधान’, ‘महत्त्वाचे’, ‘टीप’, ‘सूचना’. अनुक्रमणिका, आकृती, तक्ता यांचे मथळेही तसेच. मार्कडाउनच्या मूळ व्याख्येत सूचनांना जागाच नाही; जो तो आपल्या अवताराप्रमाणे सोय करतो.

‘अवतार’ हा शब्द मार्कडाउनच्या बाबतीत टाळता येत नाही. ग्रूबर यांच्या वर्णनात बऱ्याच जागा मोघम होत्या, म्हणून २०१४ मध्ये कॉमनमार्कने नेमके नियम लिहिले. त्यातही तक्ते नाहीत. तक्ते गिटहबच्या अवतारात आहेत, पॅनडॉकच्या अवतारात आणखी वेगळे. २०१६ मध्ये मार्कडाउनची इंटरनेटवर माध्यम-प्रकार म्हणून नोंद झाली तेव्हा ‘कुठला अवतार’ हे सांगायला त्या नोंदीतच एक रकाना ठेवावा लागला. पॅनडॉक, म्हणजे एका स्वरूपातला मजकूर दुसऱ्यात नेणारं साधन, मात्र अफाट आहे. बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये ते सुरू केलं आणि आमचे वर्डमधले जुने मजकूर बाहेर काढायला मी तेच वापरलं. त्याच्या मार्कडाउनमध्ये तळटिपा, शीर्षकांची नावं, बरंच काही येतं. तुमचं काम अहवाल किंवा लेखाचं असेल तर पॅनडॉकचं मार्कडाउन घ्या, दुसरीकडे पाहायची गरज नाही.

आमचा अडसर फॉल्टचा तक्ता होता. ‘काय करावे’ या रकान्यात कधी तीन पायऱ्या, कधी पायऱ्या आणि खाली धोक्याची सूचना. ‘पंप कोरडा चालला’ या एका फॉल्टला दोन कारणं, म्हणजे पहिला रकाना दोन ओळी व्यापणारा. उभ्या दांड्यांच्या मार्कडाउन तक्त्यात एका घरात एकच ओळ मावते आणि घरं जोडता येत नाहीत. शेवटी थेट एचटीएमएल ही वेबपानांची भाषा लिहावी लागते, म्हणजे कच्ची फाइल वाचता यावी हा मार्कडाउनचा मूळ हेतूच बाजूला पडतो. आस्कीडॉकमध्ये घर खालच्या ओळीशी जोडायला दांडीच्या आधी टिंब, आकडा आणि अधिक चिन्ह, घरात यादी हवी असेल तर दांडीच्या आधी एक अक्षर. शिवाय सर्व्हिस खात्याची फॉल्टची एक्सेल फाइल सीएसव्ही करून थेट तक्त्यात ओढता येते. (एक्सेलमधून काढताना ‘यूटीएफ-८’वाला सीएसव्ही निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.) सुरक्षिततेचं प्रकरण आता एका फायलीत आहे आणि सगळी मॅन्युअलं ते आपल्यात समाविष्ट करून घेतात. अर्थिंगची ओळ एकदा बदलली की सगळीकडे बदलते.

चल नावांची सोय मात्र मराठीत अर्धीच उपयोगी पडते. इंग्रजी मॅन्युअलमध्ये वस्तूच्या जागी एक नाव ठेवून ‘पंप’, ‘मोटर’, ‘पॅनल’ काहीही बसवता येतं. मराठीत पंप चालू होतो, मोटर चालू होते, पॅनल चालू होतं. पंपाचा, मोटरचा, पॅनलचा. सामान्यनाम बदललं की क्रियापद, विशेषण, सामान्यरूप सगळं बदलतं. म्हणून मी चल नावं फक्त मॉडेलचा क्रमांक, हेल्पलाइन नंबर आणि ॲम्पियरच्या मर्यादेसाठी ठेवली. बाकी वाक्यं पूर्ण लिहायची. दोन मॉडेलांत वाक्य वेगळं असेल तर अटीवर येणारे तुकडे आहेत, ते वापरायचे.

माझं मत आस्कीडॉककडे झुकलं होतं, पण ते पक्कं झालं आमच्या सर्व्हिसच्या फोरमनमुळे. तीस वर्षं पंपरूममध्ये घालवलेला माणूस. मॅन्युअलमधली खरी माहिती त्यांच्या डोक्यात. ते संगणकावर बसत नाहीत, साइटवरून व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतात. एके संध्याकाळी घोडबंदरच्या एका सोसायटीतून त्यांचा मेसेज आला:

“मॅडम, वरच्या टाकीचा फ्लोट अडकला तर पंप बंदच होत नाही, टाकी वाहत राहते. लोक आधी पॅनलला दोष देतात. हे टाका, *आधी फ्लोट हलवून बघा*, मग पॅनलला हात लावा.”

व्हॉट्सॲपवर ठळक करायला एक तारका लागते. आस्कीडॉकमध्येही एक. मार्कडाउनमध्ये एका तारकेने अक्षरं तिरकी होतात, आणि देवनागरीला तिरक्या अक्षरांची परंपरा नाही. बहुतेक फाँटमध्ये सरळ अक्षरं नुसती कलती करून दाखवतात, ती वाचायला त्रास होतो. फोरमनसाहेबांचा मेसेज मी आस्कीडॉकच्या फायलीत जसाच्या तसा ठेवू शकते. आपल्याकडे कारखान्यात, सोसायटीत, शाळेत कोट्यवधी लोक व्हॉट्सॲपच्या खुणा रोज वापरतात. मार्कअप नवं आहे असं त्यांना सांगण्यापेक्षा त्यांच्या हातातलं वळण ज्या भाषेत चालतं ती घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. डीटीपीवाल्या काकांनी पण कच्ची फाइल पाहून पहिलं वाक्य हेच म्हटलं, “अगं, हे तर व्हॉट्सॲपसारखंच आहे.” आता शुद्धलेखन तेच तपासतात, थेट फायलीत. त्यांच्यासाठी एक वाक्य एका ओळीत लिहायची पद्धत ठेवली आहे. परिच्छेद मोकळ्या ओळीनेच तुटतो, त्यामुळे छापताना फरक पडत नाही आणि गिटमध्ये कुठलं वाक्य बदललं ते नेमकं दिसतं.

लाटेक आणि ऑर्ग-मोड यांचा विचार लवकर सोडला. लाटेकची छपाई देखणी असते आणि झीलाटेकमध्ये मराठी उत्तम बसते, पण कच्ची फाइल काकांच्या पुढ्यात ठेवण्यासारखी नाही. ऑर्ग-मोडचा पूर्ण लाभ ईमॅक्स या एडिटरमध्येच मिळतो, आणि ईमॅक्स शिकायला मी कारखान्यात कुणाला सांगणार?

आस्कीडॉकची मोठी उणीव पीडीएफची. आस्कीडॉक्टरचं थेट पीडीएफ बनवणारं साधन ज्या प्रॉन लायब्ररीवर उभं आहे ती अक्षरं एकामागून एक ठेवते, जोडत नाही. देवनागरीत ते चालत नाही. ‘स्टार्टर’मधला रफार ‘ट’वर चढत नाही, हलन्त उघडे राहतात, ‘स्थिती’तली पहिली वेलांटी ‘थ’च्या मागे जाऊन बसते. मराठी मॅन्युअलसाठी हा मार्ग सरळ बंद आहे आणि हे आधी माहीत असलेलं बरं. आम्ही आस्कीडॉकमधून एचटीएमएल काढतो आणि वीझीप्रिंट या साधनाने त्याची पीडीएफ करतो. वीझीप्रिंट अक्षरजोडणीचं काम पँगो या लायब्ररीकडे सोपवतं, त्यामुळे जोडाक्षरं बरोबर येतात आणि अनुक्रमणिकेत पानांचे क्रमांकही मिळतात. एक पायरी वाढली, पण तेच एचटीएमएल क्यूआर कोडमागेही वापरलं जातं, म्हणून ती अंगावर आली नाही. छापील पुस्तिका आणि वायरमनच्या फोनवरचं पान एकाच फायलीतून निघतात. आधी या दोन वेगळ्या वस्तू होत्या आणि त्यांच्यात फरक पडत जायचा.

मार्कडाउन आम्ही टाकून दिलं नाही. बैठकीची टिपणं, साइट रिपोर्ट, गिटमधली ‘आधी हे वाचा’ फाइल, सगळं त्यातच आहे. एका पानाच्या मजकुराला आस्कीडॉकचं सामान लागत नाही. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट मी पायथनच्या प्रकल्पावर काम करत असते तर आनंदाने घेतलं असतं.

नवं साधन कानावर आलं की आता मी त्यात हा उतारा टाकून बघते. कोणाला उपयोगी पडला तर घ्या:

`१. दुसऱ्या टाकीचा फ्लोट तपासा.`
`२. स्विच ‘ऑटो’वर ठेवा, ‘ऑटो’ ठळक, ‘वर’ साधा.`
`३. स्टार्टरची स्थिती पाहा : ६.५ ॲम्पियरपेक्षा जास्त नको.`

क्रमांक देवनागरीत येतात का, प्रत्यय सुटा राहतो का, ‘ऱ्य’, रफार आणि ‘स्थि’ पीडीएफमध्ये शाबूत आहेत का, आणि शीर्षक मराठी असताना दुवा कुठे जातो. सध्या टिप्स्ट या नव्या मार्कअप भाषेवर हे चालू आहे, २०२३ मध्ये खुलं झालेलं. त्याची पीडीएफ थेट निघते आणि जोडाक्षरं बिनचूक येतात. क्रमांकाच्या नमुन्यात ‘१’ लिहिला की यादी देवनागरी अंकांत मोजली जाते, हे पाहून मला फार बरं वाटलं. ठळकची तारका मात्र तिथेही शब्दाच्या सीमेवरच चालते, प्रत्यय आला की फंक्शन लिहावं लागतं. आणि त्याचं एचटीएमएल अजून प्रायोगिक आहे, म्हणून दारावरच्या क्यूआर कोडमागे सध्या तरी आस्कीडॉकच राहील.